सूतभर झीज

मार्चचा दुसरा आठवडा लागला तसा डोंगरातला बर्फ कुजायला लागला. सकाळी रस्ता लोखंडासारखा कडक असायचा, दुपारी बारानंतर त्याची लापशी व्हायची. आणखी अडीच-तीन आठवड्यांत सरकार जंगलातले रस्ते जड गाड्यांना बंद करणार, मग जून उजाडेपर्यंत ओंडक्यांची एक गाडी हलायची नाही. त्यामुळं स्लोकन खोऱ्यात जो तो घाईत होता. कापणारे घाईत, भरणारे घाईत, लाकूडगिरणीच्या फाटकातला वजनकाट्याचा माणूससुद्धा घाईत.

गॉर्डन हॅस्केलच्या शेडमध्ये फेन्या सुकरॉफ ट्रेलरच्या मागच्या एक्सलखाली पाठीवर पडली होती. चौतीस वर्षांची, खांद्यानं रुंद, बोटांच्या पेरांत काळं ग्रीस कायमचं मुरलेलं. हॅस्केलच्या सात गाड्यांची ही एकटी मेकॅनिक, आणि गाडी रस्त्यावर जायच्या लायकीची आहे अशी सही करायचा परवाना तिच्याकडंच होता.

चाकं काढून भिंतीला टेकवली होती. ब्रेकचे ड्रम जमिनीवर उपडे पडले होते, एकेक पन्नास किलोचा. बाहेर येऊन तिनं एक उताणा केला, आत मापाची पट्टी धरली, वाचली, पुन्हा धरली. नवा ड्रम साडेसोळा इंचाचा असतो. ब्रेक दाबला की आतला लायनर त्याला टेकतो आणि घासून घासून तो आतून मोठा होत जातो. सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढला की संपला, भंगारात टाकायचा. ही मर्यादा कारखानाच ड्रमच्या काठावर कोरून ठेवतो. हा ड्रम सूत ओलांडून गेला होता. बोट फिरवलं की काठाला पायरी लागत होती.

"किती आहे?" हॅस्केलनं दारातनंच विचारलं. साठीला टेकलेला, पोट सुटलेला, डोक्यावर गिरणीनं फुकट वाटलेली टोपी.

"सूत ओलांडलंय. मागच्या दोन्ही एक्सलचे चारही ड्रम गेलेत. लाइलच्या ट्रेलरचंही तेच."

"नवे ड्रम?"

"खिंडीपलीकडं अडकलेत. बर्फाचा कडा कोसळलाय रस्त्यावर. आठ दिवस म्हणतायत, दहाही लागतील."

"लायनर आहेत ना आपल्याकडं?"

"लायनर आहेत. पण नवा लायनर जुन्या ड्रमात..."

"बसतो."

"बसतो, पण टेकत नाही, गॉर्डन. ड्रमची गोलाई वाढलीय, लायनरची नाही वाढली. मधल्या पट्ट्यावर तेवढा टेकणार. सगळा ताप तिथं. आणि ड्रम पातळ झालाय, तापला की अजून फुगणार. मग दाबत बसा, लायनर पोचायचाच नाही."

हॅस्केलनं टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. "माझ्या सात गाड्या आहेत, फेन्या. दोन उभ्या केल्या तर गिरणीवाले हा डोंगर दुसऱ्याला देतील. मग सातही उभ्या. तुझ्या बापाचीही."

त्या ट्रेलरला जोडायची गाडी तिचा बापच चालवायचा. वॉल्टर सुकरॉफ. बासष्ट वर्षांचा, छत्तीस वर्षं याच डोंगरातनं ओंडके उतरवणारा. तो थर्मास काखेत मारून आत आला तेव्हा दोघंही गप्प झाले. त्यानं ड्रमकडं बघितलं, लेकीकडं बघितलं आणि काय चाललंय ते ओळखलं.

"घाल गं नवे लायनर," तो म्हणाला. "मी काय उडत येतो का? इंजिनावर धरून उतरवीन. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"बाबा, मी काय म्हणतेय ते कळतंय ना तुम्हाला?"

"तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ड्रम तापवतोय मी," वॉल्टर हसला. "तुझ्या आईनं पिराही दिल्यात. बटाट्याच्या आहेत. गार व्हायच्या आत खा."

तिनं घातले. दोन्ही ट्रेलरना, दोन दिवस राबून. चाकं चढवल्यावर अंगणात गाडी उभी करून हवा भरली, बापाला ब्रेक दाबायला लावला आणि खाली वाकून हवेच्या डब्यातून ब्रेकची दांडी किती बाहेर येते ते मोजलं. पावणेदोन इंच. दोन इंचांपर्यंत चालतं. माप कायद्यात बसत होतं. गार ड्रमावर ते बसतंच. तिनं कागद फळीवर ठेवला आणि सही केली. सही करताना पेन अडलं हे तिनं नंतर कबूल केलं. त्या वेळी तिनं पेन झटकलं आणि थंडीला दोष दिला.

तीन दिवस सगळं सुरळीत गेलं. चौथ्या दिवशी, मंगळवारी, दुपारी सव्वाच्या सुमारास फेन्या शेडमध्ये एका पंपाची वायसर बदलत होती. भिंतीवरचा रेडिओ नेहमीसारखा बडबडत होता. जंगलातल्या अरुंद रस्त्यावर प्रत्येक ड्रायव्हर आपण कितव्या किलोमीटरवर आहोत, भरून खाली येतोय की रिकामा वर जातोय हे सांगत राहतो, नाहीतर वळणावर समोरासमोर गाठ पडायची. रस्त्याचे आकडे खालून वर वाढत जातात.

"बावीस. वॉल्टर. भरून खाली."

मग सोळा. मग बारा. बारानंतर खरा उतार लागतो. फेन्याचे हात चालू होते, पण कान भिंतीला चिकटले होते.

"नऊ. भरून खाली." जरा थांबून त्याच आवाजात, जणू दूध उतू चाललंय असं सांगावं तसा वॉल्टर म्हणाला, "ट्रेलरमधनं धूर येतोय. ब्रेक धरत नाही. वर येणाऱ्यांनी बाजू धरा. मला थांबता येणार नाही."

फेन्याच्या हातातला पाना खाली पडला.

"वॉल्टर, इंजिन धरतंय का?" कुणीतरी विचारलं.

"ओरडतंय. पुरत नाही." मागं खरोखरच इंजिन किंचाळत होतं. "तीनपासनं खाली घरं आहेत. तिथवर जाऊ देत नाही. सहाच्या वळणावर डाव्या अंगाला मातीचा कडा आहे. तिथं घालतो."

पुढं नुसती खरखर आली. मग तीही थांबली.

*

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, तीन बरगड्या गेल्या होत्या. ऑपरेशन झालं. वॉल्टरचा पाय लोखंडी सळयांत अडकवून टांगला होता आणि दाढीचे खुंट पांढरे शुभ्र दिसत होते. पॉली, त्याची बायको, खुर्चीत ताठ बसून होती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, मांडीवर पर्स. तिनं अपघातापासून मोजून वीस शब्द उच्चारले असतील.

बुधवारी सकाळी नर्स भांडं घेऊन आली. फेन्या बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. दाराआडून बापाचा आवाज येत होता. "माफ करा हं. माफ करा. तुम्हाला उगाच त्रास." ज्या माणसानं बर्फात गुडघाभर उभं राहून उघड्या हातांनी साखळदंड आवळले, तो एका पोरसवदा नर्सची पुन्हा पुन्हा माफी मागत होता.

थोड्या वेळानं हॅस्केल आला. संत्री घेऊन आला होता. खुर्ची ओढून खाटेशी बसला आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "वॉल्टर, गिअर कितवा होता रे?"

"गिअर?" वॉल्टरनं छताकडं पाहिलं. "पाचवा असणार. तिथं पाचवाच लागतो, वरच्यात इंजिन धरत नाही."

"असणार, की होता? सातवा तर नव्हता? लापशी झालेली, घाई असते माणसाला. माझ्याही हातनं झालंय."

औषधांनी वॉल्टरचे डोळे जड झाले होते. "आठवत नाही, गॉर्डन. धूर दिसला ते आठवतंय. कडा आठवतोय. चुकलो असेन मी."

"होतं कधीकधी," हॅस्केल म्हणाला आणि त्याच्या हातावर थोपटलं.

फेन्या त्याच्यामागं जिन्यापर्यंत गेली. "लाइलचा ट्रेलर उभा करा. काल संध्याकाळीच सांगितलं होतं तुम्हाला. तेच ड्रम आहेत त्याला."

"बघतो."

"बघतो नाही. उभा करा."

"शुक्रवारी वाहतूक खात्याची इन्स्पेक्टर येणार आहे," हॅस्केल खालच्या पायरीवर थांबून म्हणाला. "तुझा बाप म्हणतोय त्याला आठवत नाही. सही तुझी आहे. जरा शांत डोक्यानं विचार कर, फेन्या. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

आईसाठी कॉफी आणायला ती रस्त्यापलीकडच्या हॉटेलात गेली. तिथं मधल्या टेबलावर लाइल बसला होता. लाइल प्रुइट, चाळिशीचा, आवाजानं मोठा, मनानं वाईट नाही पण जिभेला हाड नसलेला. आदल्या दिवशीच्या अपघातामुळं रस्ता सकाळपुरता बंद होता, म्हणून चार-पाच ड्रायव्हर भोवती जमले होते. दाराकडं त्याची पाठ होती.

"बासष्टाव्या वर्षी माणसानं परसात टोमॅटो लावावेत," लाइल सांगत होता. "म्हाताऱ्याला डुलकी लागली असणार. सातव्यात टाकून डुलकी! गॉर्डननंच सांगितलं मला."

कुणीतरी हसलं, मग फेन्याला बघून त्यानं कपात तोंड घातलं. लाइल वळला. तो काहीतरी बोलणार होता, पण ती कॉफी घेऊन निघून गेली. अर्धी कॉफी रस्त्यावर सांडली.

*

गुरुवारी सकाळी ती शेडवर गेली तेव्हा बापाची मोडकी गाडी ओढून आणून अंगणाच्या कोपऱ्यात टाकली होती. पुढचा भाग चेपलेला, काचेत अजून माती. ट्रेलर शेजारीच. त्याची चाकं काढून ड्रम भंगाराच्या पेटीत टाकायचे आणि पेटी दुपारी उचलायला सांगायची, असा निरोप हॅस्केलनं फळ्यावर खडूनं लिहून ठेवला होता. तो स्वतः डोंगरावर गेला होता.

फेन्यानं जॅक लावला. आधाराचे लोखंडी घोडे खाली सरकवले. चाकाचे नट गंजानं आणि तापानं धरून बसले होते. तिनं पान्याला लांब पाइप जोडला आणि त्यावर अंगाचा भार टाकला. एकेक नट बंदुकीसारखा वाजून सुटत होता. ड्रम निघेना. तिनं तेल सोडलं, हातोडा घेतला आणि चहूबाजूंनी ठोकत राहिली. दंडात गोळे आले. अखेर ड्रम हलला आणि तिनं तो पोटाशी धरून खाली ठेवला.

आतलं लोखंड जागोजागी निळं पडलं होतं, मोराच्या मानेसारखं. निळ्या डागांमधून केसासारख्या भेगा गेल्या होत्या आणि एक भेग काठापर्यंत आरपार होती. तिनं लायनर पाहिला. मधे चार बोटं रुंदीचा पट्टा जळून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. त्याच्या दोन्ही अंगांना लायनर कोरा करकरीत होता. कारखान्याचा छापील नंबरसुद्धा पुसला गेला नव्हता. ड्रम त्याला शिवलाच नव्हता.

शेडमध्ये उभं राहून तिनं हॅस्केलला जे जे सांगितलं होतं, ते ते तिथं तंतोतंत उमटलं होतं. आणि तो लायनर तिच्या हातांनी आवळला होता.

मग ती गाडीखाली शिरली. गिअरबॉक्सचं झाकण चार बोल्टचं. बॅटरी लावून आत पाहिलं. ओंडक्यांचा भार मागनं येऊन आदळल्यानं दातेरी चाकं जिथं होती तिथंच अडकून बसली होती. तिनं मोजलं. परत मोजलं. पाचवा.

ती तिथंच, गाडीखाली, पाठीवर पडून राहिली. ओठ घट्ट मिटले होते, पण डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानांत उतरत होतं.

तेवढ्यात शेडमधला रेडिओ बोलला. "बावीस. लाइल. भरून खाली."

फेन्या उठली ती पळतच सुटली. पिकअप सुरू केली, खडूचा तुकडा आणि मोजपट्टी खिशात कोंबली. रस्ता पाणावला होता. चाकं घसरत होती. रेडिओवर ती ओरडली, "लाइल, बाराच्या वर थांब! चौदाच्या सपाटीवर थांब!"

"कोण, फेन्या? काय झालं?"

"तुझा ब्रेक गेलाय."

"गेला नाहीये. आत्ताच दाबला. तू घरी जा, बापाजवळ बस."

ती चौदाच्या सपाटीवर पोचली आणि पिकअप रस्त्यात आडवी लावली. खाली उतरून ती पिकअपच्या पुढं, वरच्या अंगाला उभी राहिली. वळणावरनं लाइलची गाडी आली. ओंडके आभाळाला भिडलेले. भोंगा वाजला. परत वाजला. ती हलली नाही. सपाटी होती म्हणून गाडी मंदावत मंदावत आली आणि तिच्यापासून पंधरा पावलांवर फुसकारा टाकून थांबली.

लाइल दार उघडून अर्धा बाहेर आला. "वेड लागलंय का तुला? मरायचंय?"

"खाली उतरू नकोस. वरच बस. मी सांगेन तेव्हा ब्रेक दाब. पुरा दाब."

"आता हिचं ऐकायचं..."

"लाइल, एकदा दाब. मग मला हव्या त्या शिव्या दे."

ट्रेलरखाली शिरली तसा जळक्या शिंगासारखा वास तिच्या नाकात गेला. ड्रमवरचा बर्फ केव्हाच उडून गेला होता. तोंडाला धग लागत होती. तिनं दांडीवर खडूनं खूण केली. "दाब!"

दांडी सरकली. पावणेदोन झाले, दोन झाले. सव्वादोन. अडीचला जाऊन ती डब्याच्या तळाला टेकली आणि ठक्क असा आवाज आला.

"अजून दाब!"

"पुरा दाबलाय! पाय फळीला लागलाय!"

"तसाच धरून ठेव." तिनं पिकअपमधनं आणलेली पहार ड्रम आणि लायनरच्या मधे लावली. पहार आरामात हलली. "आता हाताचा ब्रेक लाव, पुढच्या चाकांना ठोकळे लाव, आणि ये इकडं. स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

लाइल आला. चिखलात गुडघे टेकून त्यानं वाकून पाहिलं. तिनं खडूची खूण दाखवली, दांडी कुठवर गेली ते दाखवलं, पहार हलवून दाखवली. समोर रस्ता खाली वळत होता आणि वळणापलीकडं नुसतं आभाळ दिसत होतं.

तिकडं बघत तो म्हणाला, "वॉल्टर कितव्यात होता?"

"पाचव्यात. गिअरबॉक्स उघडून बघितला मी आज."

लाइलनं मान खाली घातली.

"अजून एक सांगायचंय," फेन्या म्हणाली. "हे लायनर मी घातलेत. बाबांच्याही ट्रेलरला आणि तुझ्याही. ड्रम संपलेत हे ठाऊक असताना घातले आणि सही केली."

"तुला ठाऊक होतं?" तो उभा राहिला. "आणि हॉटेलात काल तू माझ्यासमोरनं गेलीस, एक शब्द नाही बोललीस?"

"नाही बोलले. गॉर्डनला सांगितलं, तो थांबवेल म्हटलं. तुला सांगायला हवं होतं."

"दोन पोरी आहेत मला, फेन्या." त्याचा आवाज फाटला. त्यानं हातमोजा काढून चिखलात फेकला, चार पावलं पुढं गेला, परत आला, मोजा उचलला. "दोन पोरी."

"ठाऊक आहे."

तो गाडीत चढला. ती वाट बघत राहिली. मग दोन्ही गाड्यांच्या रेडिओतून एकदमच त्याचा आवाज आला. खोऱ्यातल्या प्रत्येक गाडीत तो ऐकू गेला असणार. "चौदा. लाइल. इथंच उभा आहे. ट्रेलरला ब्रेक नाही. आणि ऐका सगळ्यांनी. वॉल्टर सुकरॉफ पाचव्यातच होता. मी काल जे बोललो ते मागं घेतो."

*

संध्याकाळी फेन्या घरी गेली. पॉली हॉस्पिटलमधून परतून चुलीशी उभी होती. बोर्श्ट सूपचा वास घरभर पसरला होता, कोबीचा, शेपूचा. फेन्यानं हात न धुता, दाराशी उभं राहूनच आईला सगळं सांगितलं. लायनर कुणी घातला, बाबा काय म्हणाले, सही कुणी केली, उद्या इन्स्पेक्टरला काय सांगणार.

पॉली पाठमोरीच ऐकत होती. डाव पातेल्यात तसाच उभा होता.

"परवाना जाईल माझा," फेन्या म्हणाली. "लोक तोंडावर बोलतील. सगळे ट्रेलर तपासतील, पाच-सहा घरांची कामं बंद पडतील. आई, काहीतरी बोल."

"तो घाल म्हणाला?"

"हो. पण बाबांना मापता येत नाही. मला येतं."

पॉलीनं डाव बाजूला ठेवला. वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ पांढरे पडले होते. "तुझ्यावर मला राग आहे," ती म्हणाली. "लवकर जायचा नाही. उद्या सांगणार आहेस ना?"

"हो."

"मग हात धू आणि जेव. उपाशी पोटी तिथं उभं राहता यायचं नाही."

दोघी जेवल्या. ब्रेड, मीठ आणि पाण्याचा तांब्या नेहमीसारखा टेबलाच्या मधोमध होता. पॉलीनं न विचारता तिच्या थाळीत दुसऱ्यांदा वाढलं.

शुक्रवारी दहा वाजता इन्स्पेक्टर आली. बाई बुटकी, पन्नाशीची, डोळ्यांवर जाड चष्मा. फेन्यानं चारही ड्रम भंगाराच्या पेटीपासून लांब, फळीवर ओळीनं मांडून ठेवले होते. प्रत्येकाशेजारी त्याचा लायनर होता. हॅस्केल हात खिशात घालून उभा होता. लाइल आणि आणखी तिघे ड्रायव्हर शेडच्या भिंतीला टेकले होते.

"अंगणात मोजलं तेव्हा पावणेदोन होतं," हॅस्केल म्हणाला. "कागद आहे माझ्याकडं. गाडी पास होती. पुढं ड्रायव्हरनं काय केलं ते मी कसं सांगू?"

बाईंनी कागद वाचला. "ही सही कुणाची?"

"माझी," फेन्या म्हणाली.

"मोजलं होतं?"

"मोजलं होतं. आकडा खरा आहे, पण गार ड्रमाचा. ड्रम मर्यादेच्या पलीकडं झिजलेत हेही मोजलं होतं. ते कागदावर लिहिलं नाही."

"का?"

फेन्यानं हॅस्केलकडं बघितलं नाही. "गॉर्डन म्हणाले घाल. बाबा म्हणाले घाल. पण परवाना त्या दोघांचा नाही, माझा आहे. नाही म्हणायचं काम माझं होतं."

"नीट विचार करून बोला," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "हे मी लिहून घेणार आहे."

"लिहा. आणि गिअरबॉक्स बघून घ्या. झाकण काढून ठेवलंय. तो पाचव्यात आहे तेही लिहा."

हॅस्केलचा चेहरा लाल झाला. "तुला कुणी हात लावू देत नव्हतं गाडीला! बाई आहे म्हणून चार शेडांनी हाकललं तुला. मी दिलं काम!"

"दिलंत," फेन्या म्हणाली. "ते मी विसरले नाही. म्हणूनच त्या दिवशी नाही म्हणता आलं नाही मला. आज म्हणतेय."

इन्स्पेक्टर बाई गाडीखाली शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा कोटाच्या पाठीला माती लागली होती. त्यांनी पाचव्याचा आकडा लिहिला, तारीख टाकली आणि पहिल्यांदा वॉल्टर कसा आहे ते विचारलं.

दुपारी फेन्या हॉस्पिटलमध्ये गेली. बापाच्या कानाशी वाकून म्हणाली, "पाचवा होता, बाबा. सरकारी कागदावर लिहिलंय आता."

वॉल्टरनं डोळे मिटले. "तू सांगितलंस सगळं?"

"सगळं."

"मी म्हणत होतो माझ्यावरच राहू द्यावं. माझं काय, मी तर गाडी सोडणारच होतो. तुझं अख्खं आयुष्य पडलंय पुढं." तो थांबला. मग सळयांत अडकलेल्या पायाकडं बघत म्हणाला, "पण चार दिवस मी इथं पडून तोच उतार उतरतोय. दर वेळी हात बघतो, कितव्यात टाकतोय. बरं झालं सांगितलंस."

*

दोन्ही ट्रेलर जागेवर बंद झाले. बाकी पाचांतले आणखी दोन तपासणीत सापडले. गिरणीनं डोंगर दुसऱ्या ठेकेदाराला दिला. हॅस्केलनं फेन्याला काढून टाकलं, निरोप फळ्यावरच लिहिला होता. तिचा सहीचा परवाना वर्षभरासाठी गेला. दुकानात दोन बायका तिला बघून दुसऱ्या रांगेत जायच्या. त्यांचे नवरे घरी बसले होते. रविवारी प्रार्थनेला सभागृहात गेली की तिच्या बाजूची एक खुर्ची रिकामी राहायची. ती दर रविवारी जात राहिली. चौथ्या रविवारी लाइल, जो त्यांच्या पंथातला नव्हता आणि ज्याला त्यांच्या रशियन स्तोत्रातला एक शब्द कळत नव्हता, दोन्ही पोरींना घेऊन आला आणि त्या खुर्चीवर बसला. जाताना फक्त म्हणाला, "किती लांबवता तुम्ही लोक गाणी."

मे महिन्यात फेन्याला काम मिळालं. तालुक्याच्या गावी शाळेच्या बसगाड्यांचा डेपो होता. तिथला फोरमन डेस्मंड, सव्वीस वर्षांचा. त्यानं तिचे कागद दोनदा वाचले.

"सही करता येत नाही तुला."

"वर्षभर नाही."

"मग तुला ठेवून मी काय करू?"

"धुणंपुसणं करीन. चाकं काढीन. मापं घेईन. सही तू कर. पण माझा आकडा आहे तसा लिहायचा."

त्यानं खांदे उडवले आणि तिला झाडू दिला. पहिले दोन दिवस ती शेड झाडत होती. तिसऱ्या दिवशी त्यानं तिला तीन बसची चाकं काढायला सांगितली. संध्याकाळी पाचला ती हात पुसत त्याच्या टेबलाशी गेली आणि कागद ठेवला. डेस्मंडनं वाचला आणि उठून उभा राहिला.

"दोन बस? दोन्ही उभ्या करू?"

"हो."

"अगं, ड्रम यायला उद्या दुपार होईल. सूतापलीकडं थोडंसंच तर आहे. सकाळची एक खेप तर मारू दे. साठ मुलं आहेत त्या वाटेवर. ती शाळेत कशी जायची?"

"उशिरा," फेन्या म्हणाली आणि दोन्ही बसच्या किल्ल्या त्याच्या टेबलावर ठेवल्या.